पाचाच्या वर

डबीत एकोणीस गोळ्या होत्या. देवकीने त्या ताटलीत ओतून बोटाने एकेक बाजूला सारली. पुन्हा एकोणीस. कॅलेंडरवर अकरा फुल्या होत्या. महिन्याच्या तीस गोळ्या बरोबर भरत होत्या.

तरी नीला वाढत नव्हती. नऊ वर्षांची पोर. दिवाळीत एकशे सात सेंटिमीटर, चैत्रातही एकशे सात.

गळ्यातली ग्रंथी कमी काम करते, असं रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून गोळी देवकीच देई. नवरा विश्वनाथ भिलाईच्या कारखान्यात, त्याचं महिन्याला एक पत्र. पहाटे उपाशीपोटी ती नीलाच्या तळहातावर गोळी ठेवी. मग मायलेकी डोळे मिटून वंदनेला उभ्या राहत. वंदना झाली की नीला चहा गाळून आणी.

कामठीच्या त्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असे, पण देवकीच्या दारात कुणी येत नसे. रोग लागेल म्हणून बायांनी आपापल्या पोरी आवरल्या होत्या. शेजारची रुखमाबाई तेवढी नळावर टोकायची.

"चैतात शाल काहून वं, देवके? आन् आवाज तर बाप्यासारखा होऊन राहिला तुहा."

"पोरीची काळजी खाऊन राहिली मले, बाई."

"मंग जरा भाकरच खात जाय."

देवकी हसली नाही. तिची बादली भरून वाहत होती, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नीलाच्या रक्ताचा मुंबईहून आलेला कागद पुढे केला.

"हा आकडा पाचाच्या वर पाहिजे. हिचा तीन पूर्णांक चार आहे. गोळी पुरती पोटात जात नाहीये, बाई. आणखी वर्षभर असंच चाललं तर उंची कायमची खुंटेल."

"मी रोज माह्या हातानं देतो, साहेब. मोजून."

"मग गोळी जाते कुठे?"

घरात तिसरं कुणी नव्हतं. दोष द्यायलाही कुणी नव्हतं. देवकीने नीलाचा दंड धरला.

"थुकून टाकतेस का वं? खरं सांग."

नीला फरशीकडे पाहत राहिली. "अर्धी खातो."

"आन् अर्धी?"

"तुह्या चहात टाकतो. तुहे डोळे मिटले राहतात तवा दातानं तोडतो."

देवकीचा हात सैल पडला. "काहून?"

"डॉक्टरसाहेब मागं म्हणाले होते ना. याच्यात थंडी वाजते, तोंड सुजते, आवाज बसते, माणूस इसरते. ते सारं तुलेच होते, माय. बाबा तर भिलाईले."

डॉक्टरांनी देवकीला शाल काढायला सांगितली आणि तिच्या दंडाला रबरी नळी बांधली.

बारा दिवसांनी दुसरा कागद आला. नाव देवकी, वय तीस. आकडा एक पूर्णांक नऊ.