सवाष्णीचा हात

“खाली उतर आधी,” चिमणाबाई म्हणाल्या. “ह्या मुंडावळ्या कुणी ओवल्यात?”

क्रांती शिडीवर उभी राहून स्टेजच्या कमानीला जरबेरा बांधत होती. उचगावच्या हॉलमधली ही तिची पहिली मोठी ऑर्डर. आजचं लग्न नीट पार पडलं तर पुढचा सगळा हंगाम तिलाच द्यायचा, असं हॉलमालक गणपतरावांनी कबूल केलं होतं.

“मीच ओवल्यात,” ती उतरत म्हणाली.

चिमणाबाई नवऱ्यामुलाच्या आत्या. त्यांनी क्रांतीचं कपाळ बघितलं, गळा बघितला, मग दोन्ही हात बघितले. तारेत, काट्यात अडकेल असं कामाच्या वेळी अंगावर काही ठेवायचं नाही, हे पुण्याच्या फ्लोरल डिझाइनच्या कोर्समध्ये तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चिमणाबाईंचा कोर्स वेगळा होता.

“मालक न्हाईत व्हय तुला?”

उत्तर क्रांतीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“असू दे बाई, तुझं नशीब. स्टेज कर, त्याला न्हाय म्हणत न्हाय. पण पोराच्या कपाळाला लागायची वस्तू असल्या हाताची नगं. गणपतराव, सवाष्णीकडनं नव्या करून घ्या, न्हायतर दुसरा फुलवाला बघा.”

असल्या हाताची. सकाळपासून ह्याच हातांनी सगळा हॉल सजवला, तेव्हा ते कुणाला खुपले नव्हते. हॉलच्या दारात शाहू महाराजांचा फोटो लावणारे गणपतराव खाली बघत म्हणाले, “घे की जरा सांभाळून.”

मुंडावळ्या दोघांच्या तोंडावर फेकाव्यात आणि चालतं व्हावं, असं क्रांतीला वाटलं. पण तसं केलं असतं तर हंगाम गेला असता आणि चिमणाबाई निवांत जेवायला बसल्या असत्या.

“माझी आई टेम्पोत बसलीया,” ती म्हणाली. “तिच्या हाताचं चालंल?”

“सवाष्ण हाय न्हवं?”

“बघा की तुम्हीच.”

क्रांतीची आई बायडाबाई. तिनं कित्येक वर्षं महाद्वार रोडला हार आणि वेण्या विकल्या. लेकीला ओवायला तिनंच शिकवलं. मग लग्नाची गिऱ्हाइकं एकेक करून तुटली आणि ती घरी बसली. पण तिच्यासारखी मुंडावळी अख्ख्या कोल्हापुरात कुणाला जमत नाही, असं क्रांती अजून सांगायची.

दहा मिनिटांनी बायडाबाई लेकीमागून आत आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातांत बांगड्या. चिमणाबाईंनी लगेच खुर्ची पुढं केली.

“मालक काय करत्यात?”

“टेम्पो चालवत्यात,” आईच्या आधी क्रांतीच बोलली.

बायडाबाईनं पदर सावरून सुई हातात घेतली. मोगऱ्याच्या एकसारख्या कळ्या, मध्ये गुलाबाची पाकळी. तासाभरात मुंडावळ्या तयार झाल्या. चिमणाबाईंनी त्या डोळ्यांना लावल्या. नवऱ्यामुलाला बायडाबाईच्या पाया पडायला लावलं. खणानारळानं तिची ओटी भरली.

“शिक जरा आईकडनं,” त्या क्रांतीला म्हणाल्या.

क्रांती दात आवळून हसली.

लग्न लागलं. फोटोवाल्यानं मुंडावळ्यांचे वेगळे फोटो काढले. गणपतरावांनी हंगामाच्या तारखा लिहून दिल्या. रिकाम्या बादल्या चढवून सम्राटनं टेम्पो काढला. मध्ये बायडाबाई बसली होती, खिडकीशी क्रांती. तिचा राग अजून उतरला नव्हता.

“फाटकन सांगून टाकायला पायजे हुतं त्या बाईला,” ती म्हणाली.

“मग पोराला माझ्या पाया पडायला लावलं असतं व्हय तिनं?”

बायडाबाईनं पदरानं कपाळ घासून पुसलं. मंगळसूत्र काढून क्रांतीच्या हातात कोंबलं.

“घाल आधी. धडधाकट नवरा शेजारी गाडी चालवतोय आन् तू भुंड्या गळ्यानं बसलीयास. माझा जाऊन नऊ वर्सं झाली.”