पिवळ्या गुलाबाची फांदी

"वहिनींच्या हाताला गुण आहे," जाऊबाईंच्या गुलाबांपुढे उभे राहून हे तिसऱ्यांदा म्हणाले आणि मी आतल्या आत जळून खाक झाले. उन्हाळाभर आम्ही मोटारहोम घेऊन नातेवाईकांकडे जात, बागा बघत हिंडत होतो. पण एवढं कौतुक कुठल्याच बागेचं झालं नव्हतं. माझ्या कुंडीतल्या मोगऱ्याचं तर जन्मात नाही.

चोरून आणलेलं रोप हमखास जगतं, म्हणतात. दुपारी सगळे लवंडल्यावर मी पिवळ्या गुलाबाची फांदी कापली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि लपवायला गाडीत शिरले.

पुढे, माझ्या सीटवर, जाऊबाई बसल्या होत्या. पट्टा लावून.

"ह्यांना फार हौस होती अशा गाडीची," समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या. "मीच म्हणायचे, बागेला पाणी कोण घालणार? आता ते नाहीत. भाऊजींशेजारी तुला बसलेली बघते ना, जळफळाट होतो गं."

मी रुमाल पुढे केला.

त्यांनी फांदी ओळखली आणि घाईने तोंड फिरवलं.

"मला दाखवू नकोस," त्या म्हणाल्या. "जगू दे."