पेडलचं रबर

जुन्या गाड्यांच्या धंद्यात मोहित्यांचे केस पिकले होते. गाडी घेताना ते मीटर नंतर बघत, आधी ब्रेकच्या पेडलवरचं रबर. मीटर खोटं बोलतं, रबर नाही. या आलिशान गाडीच्या मीटरवर दोन लाख दहा हजार किलोमीटर होते आणि रबरही झिजून गुळगुळीत झालं होतं. सगळं जुळत होतं, म्हणूनच मोहित्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यांनी गाडीच्या म्हाताऱ्या मालकाकडे रोखून पाहिलं. “काका, एवढ्या स्वस्तात? कुठे ठोकलीबिकली नाही ना?”

“नाही हो. मला आताशा नीट दिसत नाही, म्हणून विकतोय.”

मोहित्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, डिकीतला गालिचा उचलला. काही सापडेना. शेवटी त्यांनी तोंडावरच विचारलं, “मीटर मागे फिरवलंय का?”

“आठ वर्षांपूर्वी घेतली, तेव्हा तीस हजार होते. पुढचे सगळे माझे.” काकांनी मागच्या काचेवरची धूळ रुमालाने पुसली. तिथे मोहित्यांच्याच दुकानाचं स्टिकर होतं. “आधीचे किती, ते तुम्हीच सांगा.”

मोहित्यांना तेव्हाचं रबर आठवलं. कोरं करकरीत. त्यांनीच बसवलेलं.