वाराबीलचे खड्डे

"यंदाचं हे सातवं पत्र, बाई," फाइल मिटत इंजिनिअर हॉर्न म्हणाला. "पाच किलोमीटर कच्चा रस्ता, शेवटाला तुमचं एकटीचं घर. आणि दर महिन्याला नवे खड्डे."

"वाराबील परिषद होती तेव्हा पत्र लिहावं लागत नव्हतं," ऊना प्रॅट म्हणाली.

गावचा कारभार पाहणारी वाराबील परिषद मोडून समुद्राकाठच्या मोठ्या परिषदेत मिसळली, त्याला चार वर्षं झाली होती. एकशे आठ वर्षांची परिषद. तिच्या सभागृहात ऊना नाचायला शिकली, तिथेच तिच्या लग्नाचं जेवण झालं. आता तिथे गालिचे विकतात. उरला होता फक्त डेपो. त्यात रस्ता सपाट करणारा एक ग्रेडर आणि तो चालवणारा क्लेम. ग्रेडरच्या दारावरचं जुनं नाव रंगवून टाकलं होतं, पण ऊन तिरपं पडलं की अक्षरं दिसत. काम उरकलं की क्लेम ऊनाकडे चहाला थांबे. नवरा गेल्यापासून तिच्या दारात थांबणारं ते एकच वाहन.

डेपोला पुरेसं काम नाही, तो बंद करावा, असं मोठ्या परिषदेत चाललं होतं. म्हणजे क्लेमची बदली दीडशे किलोमीटर दूर. हॉर्न आज त्याचाच निकाल लावायला ऊनाच्या दारी आला होता.

क्लेम पहाटेच येऊन बसला होता. धुळीने माखलेल्या बुटांनी तो आता कुंपणाला टेकून उभा होता.

"आठ महिने पाऊस नाही," हॉर्न त्याला म्हणाला. "मग खड्डे पडतात कसे?"

"मातीच भुसभुशीत आहे, साहेब. जुन्या परिषदेला ठाऊक होतं."

हॉर्नची नजर ऊनाच्या तळहातांवरच्या फोडांकडे गेली. गुलाबांना आळी केली, असं तिने सांगितलं. तिच्या गुलाबांना पाणी कमी आणि बोलणीच जास्त मिळतात, असं क्लेम म्हणाला, तेव्हा हॉर्नसुद्धा हसला.

शेवटी त्याने फाइलवर लिहिलं : डेपो आणखी दोन वर्षं ठेवावा. त्याची गाडी धूळ उडवत दिसेनाशी झाली.

ऊनाने चहा ओतला. क्लेमने निवांतपणे स्कोनला, तिच्या हातच्या गोड पावाला, जॅम लावला.

"ऊनाबाई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी पहारीच्या खुणा बुजवत जा. आज साहेब यायच्या आत सगळ्या मलाच बुजवाव्या लागल्या."