चार चौकोन

सातपूरच्या क्रीमच्या कंपनीत मल्हारीचं अकरा वर्षं एकच काम. सशाच्या कानात शाईने नंबर टाकायचा, पाठीवरचे केस भादरायचे, निळ्या पेनाने चार चौकोन आखायचे, त्यांत क्रीम चोपडायचं आणि कातडी कुठे लाल होते ते रोज बघायचं. घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तो पोरीला जवळ घेत नसे.

मग दोन हजार चार साली साहेब म्हणाले, परदेशी गिऱ्हाइकांना जनावरांवर तपासलेला माल चालत नाही. ससे गेले, मल्हारी पॅकिंगला बसला. त्या सोमवारी त्याने त्र्यंबकला जाऊन नारळ फोडला.

महिनाभराने तो घरी आला तर बायको, लताबाई, खुशीत होती.

"वस्तीत बायकांसाठी शिबिर होतं. अंगठा घेतला आन् दोन साबण फुकट दिले. फक्त दोन दिवस पाठीला पाणी नाय लावायचं म्हणाले."

तिने वळून पदर सारला. मानेखाली निळ्या पेनाने आखलेले चार चौकोन होते.

 

मल्हारीचा हात नकळत तिच्या कानाकडे गेला, नंबर बघायला.