हजेरीतलं गाळलेलं नाव

“मला नाव नको, बाई. माझ्याकडे आहे,” असं म्हणून लिफ्टवाले काका उठले आणि फळ्याकडे गेले.

वर्ग हसला. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक चिनी नाव द्यायची बाईंची रीत होती. बेकरीवाल्याला मिळालं, नर्सला मिळालं. दिवसभर राबून आलेली ही मोठी माणसं नवं नाव मिळालं की पोरांसारखी खूश व्हायची. बाई नावं आणतात कुठून, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. त्या मायदेशातल्या आपल्या शाळेतल्या वर्गाची हजेरी आठवायच्या आणि एकेक नाव वाटत जायच्या. चाळीस नावं होती. या परक्या शहरात चिनी शिकवायला लागून वीस वर्षं झाली, तरी त्यातलं एक त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं.

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या काकांनी खडू उचलला आणि अडखळत तीन अक्षरं काढली. नेमकं तेच नाव.

“हे कुणी दिलं?” बाईंनी आवाज जमेल तितका सरळ ठेवला.

“बायकोचं आहे. गेल्या वर्षी गेली ती. मला तुमच्या भाषेतलं एवढंच येतं.”

“बसा,” बाई म्हणाल्या.

काका लगेच बसले नाहीत. बाईंच्या खुर्चीमागे भिंतीवर एक तसबीर होती. कुंचल्याने लिहिलेल्या चार ओळी आणि डाव्या कोपऱ्यात बाईंचं नाव. सोळाव्या वर्षी दिलेल्या परीक्षेचा तो कागद. त्याच्यावरच बाईंना परदेशी शिकायला जायची एकुलती एक जागा मिळाली होती. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबून ‘काय अक्षर आहे’ म्हणायचा. काकांनी फक्त डावा कोपरा निरखला आणि ते जागेवर गेले.

त्या चार ओळी बाईंच्या नव्हत्याच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वडिलांनी पट्टीने मारून त्यांचा उजवा हात सुजवला होता. बोटांत कुंचला ठरेना. शेजारी बसलेल्या, त्याच नावाच्या मैत्रिणीचा कागद लिहून पुरा झाला होता, बाकावर वाळत पडला होता, आणि ती पाणी प्यायला बाहेर गेली. कागदाचा कोपरा कोरा होता. त्या कोऱ्या कोपऱ्यानेच घात केला. बाईंनी सुजलेल्या हाताने कसंबसं तिथे आपलं नाव घातलं आणि कागद देऊन टाकला. मैत्रीण परत आली, रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि चकार शब्द बोलली नाही. तिचं ते न बोलणं बाईंना तीस वर्षं छळत होतं.

अकरा वर्षांपूर्वी ती याच शहरात बसथांब्यावर दिसली होती. बाई शरमेने समोरच्या औषधाच्या दुकानात शिरल्या, खोकला नसताना खोकल्याचं औषध घेतलं आणि मागच्या दाराने पसार झाल्या. पुन्हा त्या रस्त्याला त्या फिरकल्या नाहीत.

आता तिचा नवरा दर मंगळवारी पहिल्या बाकावर बसत होता.

“आधी कोपऱ्यात नाव, मग बाकीचं,” कुंचला शिकवताना बाईंनी नेहमीसारखं सांगितलं.

“पुस्तकात तर नाव शेवटी घालायचं म्हटलंय,” नर्स म्हणाली.

“पुस्तक बरोबर आहे. पण माझ्या शाळेत एक मुलगी होती, ती आधी नाव घालायची. म्हणायची, आधी नाव घातलं की मग वाईट लिहायची लाज वाटते. मला ते पटलं.”

“मग मीही आता पावावर आधी नाव घालतो,” बेकरीवाला म्हणाला.

सगळे हसले. काकांनी मुकाट्याने नाव घातलं आणि मान वर करून बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकी लावायचं निमित्त काढलं.

शेवटच्या मंगळवारी वाचनालयाच्या मॅडम वर्गात आल्या. वर्ग त्यांच्याच वाचनालयात भरायचा. वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी एक पुस्तिका काढली होती. मुखपृष्ठावर तसबिरीतला कागद, खाली बाईंचं नाव.

“उद्या छपाईला जाईल,” मॅडम कौतुकाने म्हणाल्या.

आता गप्प बसले तर ही दुसरी चोरी, बाईंच्या मनात आलं. त्या खुर्चीवर चढल्या, तसबीर उतरवली आणि वर्गापुढे धरली.

“हे माझं अक्षर नाही,” त्या म्हणाल्या. “मी चोरलंय. हे काकांच्या बायकोचं आहे.”

बेकरीवाला आपल्या हातांकडे बघत बसला.

“मग मुखपृष्ठावर काय छापू?” मॅडमनी विचारलं. एकेक जण वह्या गोळा करून निघून गेला. नर्सने जाताना पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला, पण बाईंशी नजर मिळवली नाही. शेवटी काका तेवढे उरले.

“माफी मागायचीही माझी लायकी नाही,” बाई म्हणाल्या. “तिनं तुम्हाला सगळं सांगितलं असणार.”

“सांगितलं ना. तुम्ही स्वतःहून बोलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असंही बजावलं होतं.”

“फार राग होता तिला?”

“त्या औषधाच्या दुकानाबाहेर ती तासभर उभी होती. तुम्ही बाहेर याल म्हणून. तुमचा हात बरा झाला का, एवढंच विचारायचं होतं तिला.”

काकांनी तसबीर आपल्याकडे घेतली आणि डाव्या कोपऱ्यावरची धूळ अंगठ्याने पुसली.

“एक सांगू का, बाई? आमच्या घरी किराण्याच्या यादीवरसुद्धा ती आधी नाव घालायची. जन्मात एकच कागद तिनं कोपरा कोरा ठेवून लिहिला.”