लाल दोरी

संचिताने वर्षभर वागळे इस्टेटच्या गाळ्यात फायबरग्लासचं किट घासून, पंख चिकटवून स्वतःपेक्षा उंच रॉकेट बनवलं होतं. माळावर उडवण्याआधी ती पॅराशूटची लाल दोरी ताणून तपासत होती, तेवढ्यात प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी आले. लाल आणि ताणलेलं काही दिसलं की साहेबांचा हात आपोआप कात्रीकडे जातो. दोरी जाड होती. संचिता ‘थांबा’ म्हणेपर्यंत त्यांनी ती नेटाने कापली. टाळ्या पडल्या. “साहेब, ती फीत नव्हती. आता हे भाल्यासारखं खाली येईल.” “वर जाईल ना?” “जाईल.” “मग उडव गं. खाली येताना फोटो कोण काढतो?” समोर शाळेची पोरं बसलेली. संचिताने रॉकेट टेम्पोत आडवं ठेवलं आणि तिथंच पडलेल्या बिअरच्या बाटलीत दिवाळीतला उरलेला बाण खोचला. साहेबांनी बाटलीला हार घालून नमस्कार केला.